डाव्या गुडघ्याचा क्लच

गॅरेजात किस्से जमवावे लागत नाहीत. गाडी वर चढली की मालकाला दुसरं काम उरत नाही. तो स्टुलावर बसतो आणि बोलत राहतो. मी गाडीखाली. हात कामात, कान मोकळे. सांगलीत पन्नासच्या वर वर्षं हेच चाललंय. शाळा चौथीपर्यंत झाली, बाकीचं या कानांनी शिकलो. यंदाचे सगळे किस्से मात्र एकाच गाडीचे आहेत.

*

प्रताप हवालदार कवठे महांकाळचे. फौजेतून पेन्शनीत आले, आता द्राक्षबाग बघतात. त्यांनी लाल रंगाची टर्बो गाडी घेतली आणि पुण्यात इंजिनाची ताकद वाढवून आणली. इंजिन तगडं झालं, क्लच जुनाच राहिला. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातली पकड. पकड सुटली की इंजिन बोंबलतं आणि गाडी रेंगाळते. वर्षात दोन क्लच प्लेटा जळाल्या होत्या.

"जादा पकडीचा टाका की," मी म्हणालो.

त्यांनी डाव्या पायाची पँट वर केली. गुडघ्यावर टाक्यांची वीतभर खूण. पकड वाढली की पेडल जड होतं, आणि जड पेडल त्या पायाला झेपत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, ऑटोमॅटिक घ्या.

"मग घ्या की."

"चाचा, गिअर गाडीनं टाकायचा, आन मी काय नवरदेवावानी नुसतं बसू?"

माणूस आवडला. म्हणालो, "पकड बी देतो, पेडल बी हलकं देतो."

"बघा. न्हाई जमलं तर गाडी इकतो. पण तुमचं नाव कुठं घेणार न्हाई."

हे मला लागलं! नाव घ्यायलाच पाहिजे, असं काम करायचं ठरवलं.

*

माझी मुलगी नसीमा डिप्लोमा झालेली. गॅरेज आता तीच बघते. तिने क्लचचं कॅटलॉग काढलं. हवालदारांनी पान उलटलं आणि सगळ्यात भारी क्लचवर बोट ठेवलं. शर्यतीच्या गाडीचा, सिरॅमिकचा.

"ह्यो द्या!"

मागे एक जुना ट्रक उभा होता, पेडल तसंच जड. त्यांना त्यात बसवलं.

"क्लच दाबा. चाळीस येळा."

बाराव्या वेळेला ते थांबले. कपाळाचा घाम पुसला. खाली उतरले, कॅटलॉगजवळ आले आणि नसीमाला म्हणाले,

"ताई, जरा अलीकडचं पान दावा."

अलीकडच्या पानावर आम्हाला हवा तोच होता. क्लच दाबून धरणारी प्रेशर प्लेट थोडी जादा दाबाची आणि साधीच क्लच प्लेट, पण ताकदीची. हाफ क्लचवर हिसका न देणारी.

*

या गाडीत क्लच सोडवणारं बेअरिंग ऑइलच्या दाबावर चालतं आणि गिअरबॉक्सच्या आत बसतं. ते गळलं की अख्खा गिअरबॉक्स खाली. म्हणून ते निवडायला मी स्वतः साताऱ्याला गेलो. दुकानदाराने प्लास्टिकच्या बॉडीचं काढलं.

"चाचा, सेम टू सेम. डोळं झाकून बसवा."

मी डोळे उघडेच ठेवले. बेअरिंग कानाजवळ धरलं आणि सावकाश फिरवलं.

"कानाला काय लावताय? फोन हाय का त्यो?"

"काय म्हणतंय ते ऐकतोय."

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, मला परत कपाटात ठेवा."

दुकानातली चार गिऱ्हाइकं हसली. दुकानदार मुकाट्याने आत गेला आणि अॅल्युमिनियमच्या बॉडीचं घेऊन आला. ते काहीच म्हणालं नाही. तेच घेतलं.

*

नवा क्लच जुन्यापेक्षा जरा आत बसत होता. म्हणून बेअरिंगखाली तीन मिलीमीटरची चकती हवी होती. आमचा टर्नर दिनकर कुंडलचा. हाताला तोड नाही, पण सगळं माप सुतात. एका इंचात आठ सूत, एवढंच त्याचं गणित. नसीमाने त्याला फोनवर सांगितलं, "काका, तीनची करा."

चकती आली. कातकाम आरशासारखं! मी नुसता अंगठा लावला आणि कळलं. तीन सूत! म्हणजे साडेनऊ मिलीमीटर. ही बसवली असती तर बेअरिंग कायम क्लचवर रेलून बसलं असतं आणि प्लेट पहिल्याच दिवशी जळाली असती.

दिनकरला बोलावलं. तो उलट माझ्यावरच चढला.

"मिलीमीटर म्हंजे काय वेगळं असतंय व्हय? सूतच की त्ये, विंग्रजी!"

नसीमाने त्याच्यापुढे पट्टी ठेवली. त्याने चकती पट्टीला लावून बघितली. मग चकती खिशात टाकून गेला. संध्याकाळी बरोबर मापाची आणली. वर पंचाने ठोकून अक्षरं उमटवली होती: "तीन विंग्रजी".

तशीच बसवली.

*

पेडल हलकं कसं करायचं, हे हवालदारांना कळेना. मी इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या आणल्या, एक बारीक, एक जाड. मध्ये नळी जोडली, पाणी भरलं. बारीक दाबली की जाड सहज सरकते. पण बारीक लांबपर्यंत दाबावी लागते.

"म्हंजे पेडलखाली बारीक सिलिंडर टाकायचा!" हवालदार खूश.

नसीमाने हिशेब करून एक माप काढलं. मी त्याहून बारीक घ्यायचं म्हणालो. पेडल लोण्यासारखं चालेल.

"अब्बा, इतका बारीक घेतला तर क्लच पूर्ण सुटणार नाही. गिअर घासेल."

"तुझ्या जन्माआधीपासून क्लच सोडवतोय मी."

बसवला. पेडल लोणी! रिव्हर्स टाकला. असा आवाज आला की समोरच्या पानपट्टीवाल्याने कानावर हात ठेवले.

नसीमाने तिच्या मापाचा सिलिंडर आधीच आणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आधी येऊन मी तो गुपचूप बसवला. कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतोय.

*

पाइपातली हवा काढायची होती. मी गाडीखाली, हवालदार पेडलवर.

"दाब!"

"दाबलं!"

"सोड!"

"सोडलं!"

फौजेचा आवाज, गल्ली दणाणली. समोरचा पानपट्टीवाला डोकावला. "चाचा, भरती सुरू केली काय?"

इतक्यात नसीमा हळूच म्हणाली, "अब्बा, ते उजव्या पायाने दाबतायत."

मी खालूनच ओरडलो, "हवालदार, डावा!"

आवाज थांबला. मग डाव्याने दाबायला लागले. तीस वेळा दाबलं. गाडीतून उतरले आणि म्हणाले, "हलकं हाय. लय हलकं. पण ह्यो गुडघा तीसला फसतो, तीनशेला खरं सांगतो."



*

म्हणून तीनशेच्या परीक्षेला निघालो. ते आणि मी. सातारच्या वाटेवर मोकळा रस्ता बघून त्यांनी तिसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. इंजिनाचा काटा आणि गाडी बरोबर पळाले. पकड सुटली नाही. अर्धं काम पास!

पुढे यवतेश्वरचा घाट. फुलांचे दिवस, त्यात रविवार. कासच्या पठारावर जाणाऱ्या गाड्यांची रांग पायथ्यापासून लागलेली. चढावर हातभर पुढे, मग थांबायचं. परत हातभर पुढे. क्लचला याहून वाईट काही नाही, आणि गुडघ्यालाही.

पहिल्याच वळणावर म्हणालो, "हवालदार, माघारी फिरू."

"गपा, चाचा."

मी दाबणं मोजत होतो. दोनशेच्या पुढे मोजायचं सोडलं. त्यांच्या तोंडाकडे बघायचंही सोडलं. तेवढ्यात जळका वास आला. काच खाली करून डोकं बाहेर काढलं. पुढच्या कोऱ्या गाडीखालून धूर येत होता. तिचा मालक बॉनेट उघडून उभा. क्लच खाली असतो, हेही त्याला माहीत नव्हतं. आम्ही त्याला वळसा घालून पुढे गेलो.

वर पोचायला दोन तास लागले. हवालदारांनी गाडी कडेला घेतली, उतरले आणि कठड्यापर्यंत न लंगडता चालत गेले. खाली सातारा दिसत होता. मी मागून गेलो. धीर करून विचारलं,

"गुडघा?"

ते खाली बघतच म्हणाले,

"कुठला?"