बरक्यातल्या शेजारणीचं दूध

त्या दिवशी ओमानमधल्या बरका गावातल्या आमच्या खोलीत मी होते, आमचे हे होते, तापाने फणफणलेली आमची तान्ही मुलगी होती अन् शेजारची ओमानी म्हातारी. वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याला, पूर आलेला, दुकानं बंद, माझं दूध आटलेलं. म्हातारीने बकरीचं दूध आणलं. हे सरकारी हिशेबनीस, कुणाचा खजूरही घ्यायचे नाहीत. तिला हिंदीत म्हणाले, "नको अम्मा, तुझ्या लेकाचं बिल माझ्याकडे तपासायला आलंय."

"यल्ला, चलो, पहले बच्ची को पिला! बिल रोता है क्या?" म्हातारी म्हणाली.

ह्यांना हसूच फुटलं. वाटी त्यांनीच धरली. पोर घटाघटा प्यायली. दुसऱ्या दिवशी ते बिल त्यांनी दुसऱ्या साहेबाकडे तपासायला दिलं.

वाचणाऱ्यांनो, पोर भुकेलं असेल तर आधी दूध पाजा.