मांडव मोकळा दिसतोय

हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, जेवण गार झालं तरी चालंल. आमच्या फिल्मची सुरुवात शूट झाली, आणि जशी ठरवली तशी अजिबात न्हाय.

आमी बारामतीच्या कॉलेजातली पोरं. कपडे आणि सेट माझ्याकडं. पहिला शॉट असा: नवरी एकटी मांडवात बसलीय, समोर रांगेनं खुर्च्या, आणि लग्नाला कुणीच आलेलं न्हाय. एवढंच. पण मी झोपेत बी खुर्च्या मांडत होते.

नवरीला पांढरी साडी, आमच्या बौद्ध लग्नात तीच असते. मम्मीनं स्वतःच्या लग्नातली काढून दिली. जराशी पिवळट पडलेली, म्हणून तर खरी वाटायची. पण पांढऱ्या मांडवात ती दिसणार कशी? मग जी मैत्रीण नवरी झाली, तिच्या अब्बांनी त्यांच्या कापडाच्या दुकानातला निळा तागा दिला. मागं निळं कापड, मधी साडी, पुढं लाल खुर्च्या. मोबाईलवर बघूनच अंगावर काटा आला.

जागा म्हणजे अंथुर्ण्यात आत्याचं अंगण. मांडववाला ओळखीचा, पण त्याला दुसऱ्या दिवशी लोणी भापकरला खरं लगीन होतं. ऊन उतरायच्या आत शॉट झाला न्हाय तर मांडव गेला, आणि फिल्मची सुरुवातबी गेली.

मांडव उभा राहिला आणि शेजारचे आबा टोपी घालून पहिल्या खुर्चीत येऊन बसले.

"आबा, शूटिंग हाय. लगीन न्हाय."

"व्हय, कळलं की. पण मांडव मोकळा दिसतोय."

त्यांच्या मागनं गल्लीच आली. एका काकूनं तर नवरीवर टाकायला ताटात पाकळ्या आणल्या. बघता बघता एक खुर्ची मोकळी न्हाय. आमचा डायरेक्टर, म्हणजे वर्गातलाच पोरगा, कपाळाला हात लावून उभा.

मी समजावलं, "आबा, गोष्टीत हिच्या लग्नाला कुणीच येत न्हाय."

"का? काय केलंय पोरीनं?"

"काय न्हाय केलं."

"मग आमी न यायला काय झालं?"

नवरी पदरात तोंड खुपसून हसत होती. अंगणातलं ऊन सरून भिंतीवर चढायला लागलं. शेवटी आत्याच कडाडली, "उठा हो. पोरांचं काम व्हायचंय. आत चहा ठेवलाय."

चहा म्हटल्यावर उठले. पण जाताना प्रत्येकानं खुर्चीवर कायतरी ठेवलं. आबांनी टोपी, कुणी टॉवेल, कुणी पिशवी, काकूनं पाकळ्यांचं ताट. एसटीत जागा धरतात तसं. चहा पिऊन परत बसायचं होतं ना.

मी उचलायला धावले.

"थांब, हात लावू नको," डायरेक्टर कॅमेऱ्यातनं बघत म्हणाला.

मी बी बघितलं. निळ्या कापडापुढं पांढरी साडी, आणि रांगेनं टोप्या, टॉवेल, पिशव्या. माणूस एक न्हाय, पण सगळे आत्ता येतील असं वाटत होतं. तसाच घेतला शॉट. आता गोष्टच बदलावी लागणार, कारण ह्या लग्नाला कुणी आलं न्हाय असं कोण म्हणंल?

कॅमेरा बंद केला तर आबा बशी हातात घेऊन दारात उभे. "झालं का लगीन? बसू का आता?"

तुमचं बी झालंय का असं कधी? सगळं जिवापाड ठरवायचं, आणि भलत्याच कुणीतरी येऊन, नुसती टोपी ठेवून, ते तुमच्यापेक्षा भारी करून जायचं?