शांतारामनं पाडलेले आटे

शांताराम गेल्याचं त्याच्या सुनेनं माझ्या दारात उभं राहून सांगितलं. आत ये म्हटलं तर आली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "काका, शेवटी सारखं विचारत होते, गाडी थांबली का?" कोणत्या गाडीबद्दल, हे तिला ठाऊक नव्हतं... आता ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी कणकवलीकडचा, करी रोडच्या चाळीत राहून टॅक्सी चालवायचो. शांताराम परळचा. आदल्या पिढीपर्यंत त्याच्या घरचे गिरणीत, हा मात्र लालबाग-परळच्या वेशीवर एका गाळ्यात मोटारी दुरुस्त करायचा. पुढे घरानं धम्म स्वीकारला तेव्हा पहिला पेढा त्यानं मला भरवला होता. माझ्या गाडीला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागत नसे. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, अल्युमिनियमचं, मऊ; त्याच्या भोकातल्या आट्यांत, म्हणजे पिळांत, ठिणगी पाडणारा पोलादी प्लग आवळायचा. तो प्रत्येकाला बजावायचा, "प्लग आधी बोटांनी फिरव. सरळ बसला की मगच पाना लाव. तिरका गेला तर आटे गेले म्हणून समज."

एका दुपारी मोर्चावर गोळीबार झाला आणि काही माणसांनी एका जखमी तरुणाला माझ्या मागच्या सीटवर आणून झोपवलं. विशी-बाविशीचा असेल. पांढरा सदरा छातीशी भिजलेला. इस्पितळ जवळच होतं. मी गाडी पिटाळली. तो मागून हळू, अगदी शांतपणे म्हणत होता, "थांबू नका... थांबू नका..." परळच्या वळणावर बॉनेटखाली धाडकन आवाज झाला. मला वाटलं, गोळीच. मी ब्रेक दाबला आणि डोकं धरून खाली वाकलो. इंजिन बंद पडलं, ते पुन्हा चालू होईना. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग आट्यांसकट उखडून उडाला होता. मोर्चातून नुकताच परतलेला शांताराम जवळच्या आपल्या गाळ्यातून धावत आला. आम्ही दोघांनी त्या पोराला उचलून नेलं. इस्पितळाच्या फाटकापाशी शांताराम थबकला. "बाळा," तो मला म्हणाला, "हा जड झाला रे."

त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही.

शहर थोडं निवल्यावर शांतारामनं हेड उतरवलं. उखडलेलं भोक मोठं केलं आणि टॅपला, आटे कापायच्या हत्याराला, ग्रीस लावून नवे आटे पाडायला बसला. अर्धा वळसा पुढे, पाव मागे, कीस पुसायचा, पुन्हा अर्धा वळसा. त्यात पितळी बुश, म्हणजे छोटं नळकांडं, बसवला. बुशला आतून प्लगच्या मापाचे आटे. एरवी काम करताना गाणारा माणूस, त्या दिवशी ओठ मिटून होता. हेड चढवून इंजिन चालू केलं तेव्हा त्यानं नेहमीसारखं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवलं आणि मुठीला कान लावला. तसाच राहिला. मग माझ्याकडे न बघता तो माझ्या हातात दिला. "ऐक."

मी ऐकलं. चारही सिलिंडर एका लयीत चालले होते. आणि त्या लयीच्या खाली, फार खोल, कुणीतरी हळू, अगदी शांतपणे...

"काय ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"टॅपेट वाजतंय," मी इंजिनातल्या नेहमीच्या खटखटीवर ढकललं.

"हं. टॅपेटच."

वर्षभरात मी ती टॅक्सी विकली. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. मी डोकं धरून वाकलो नसतो, गाडी बंद पडू दिली नसती, तर तो वाचला असता, हे ओझं मी एकट्यानं वाहिलं. निदान मला तसं वाटत होतं. गेल्या महिन्यात भेटायला गेलो तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. "त्या सकाळी तुझा प्लग मीच बसवला होता. मोर्चाला जायची घाई होती. पहिल्यापासून पाना लावला. हाताला कळलं, तिरका जातोय. तरी आवळला." मनगट न सोडता म्हणाला, "आणि ते टॅपेट नव्हतं रे."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. त्याचा हात बर्फासारखा होता.

पुण्यानुमोदनाला, त्याच्यासाठीच्या बौद्ध वंदनेला, गेलो तेव्हा वहिनींनी, शांतारामच्या बायकोनं, सांगितलं, की हिंडता-फिरता होता तोवर रोज दुपारी चारला तो परळच्या वळणावर जाऊन बसायचा. तासभर बसायचा आणि परत यायचा. त्यांनी कधी कारण विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चारला मी गेलो. तिथल्या कट्ट्यावर एक म्हातारा चांभार बसतो. मी जवळ गेल्यावर त्यानं मान वर न करता आपली पेटी ओढून घेतली, चपलांचा ढीग बाजूला सारला. दोन माणसं बसतील एवढी जागा झाली.

"मी एकटाच आहे," मी म्हटलं.

"रोज चारला यायचे ते पण एकटेच यायचे," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारची जागा तशीच ठेवली.