लाखोरीचे दाणे

देवरीच्या आमच्या वाचनालयात ती दर रविवारी चिचगडच्या बसने येते. अंगणवाडीत काम करते आणि पर्यवेक्षिकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. चाळिशीत डॉक्टरांनी तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असल्याचं सांगितलं. "शाळेत गुरुजी मले काऊन मारत होते, ते आता समजलं, मॅडम," असं ती हसत सांगते.

ती उभ्यानेच वाचते, खिडकीच्या कठड्यावर पुस्तक ठेवून. शेजारी दोन वाट्या असतात. एकीत लाखोरी या आमच्याकडच्या कडधान्याचे दाणे, दुसरी रिकामी. रस्त्यावरून ट्रक गेला की तिची मान वळते, नजर त्याच्यामागे लांब जाते. मग ती एक दाणा रिकाम्या वाटीत टाकते आणि पुन्हा ओळीवर बोट ठेवते.

परवा एकाच धड्यात दुसरी वाटी भरत आली. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, मन भटकायचंच. ते मोजून कशाला मनाला लावून घेता?"

"भटकलं ते कोण मोजते?" ओळीवरचं बोट न हलवता ती म्हणाली. "वापस आलं ते मोजून राहिली मी."

आणि तिने आणखी एक दाणा टाकला. हा माझ्या बडबडीतून परतल्याचा होता.