कामासाठी काढलेला फोटो

रसायनीच्या कारखान्यातलं माझं काम सुटलं, त्यानंतर एक दिवाळी येऊन गेली. रोज सकाळी खोपोलीला जायचं, कारखान्यांच्या गेटवर वॉचमनला नमस्कार करायचा आणि परत यायचं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस नव्या कामाला म्हातारा आणि घरी बसायला तरणा. अशात एकदा जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, कॉलेज सोडून मीच लागू का कुठं?" तिचं कॉलेज सुटू नये म्हणून मला काम हवं होतं, कसलंही.

खोपोलीत नोकऱ्या लावून देणाऱ्या ऑफिसातल्या मुलीने मोबाईलवर माझं प्रोफाइल उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, हा फोटो बदला. कंपनीवाले आधी फोटोच बघतात." फोटो पुतण्याच्या हळदीतला होता. डोळ्यांवर गॉगल, मागे डीजेचा टेंपो, कडेला कुणाचा तरी अर्धा हात. मला तर तो माझा सगळ्यात बरा फोटो वाटायचा. उभा जन्म बॉयलरपुढे गेलेल्या माणसाचे फोटो निघतात तरी कुठे? लग्नात, नाहीतर बॅनरवर.

मग व्हिडिओ बघून शिकलो. खिडकीकडे तोंड करायचं, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर धरायचा, मागे मोकळी भिंत. आमच्या घरात मोकळी भिंत मिळाली ती कॅलेंडर, घड्याळ आणि देवांचे फोटो उतरवल्यावर. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. चांगल्या कामाची सुरुवात म्हणून बायकोने कपाळाला गंध लावलं. ती फोटो काढत होती आणि मी उगाच तिच्यावर खेकसत होतो.

"अवो, जरा हसा की."

"हसायला काय मिळालंय मला?"

"मग नका हसू. पन भांडायला आल्यावानी तरी बघू नका."

शेवटी एक फोटो खरंच छान आला. शांत, भरवशाचा चेहरा. ह्या माणसाला मी स्वतः कामावर घेतलं असतं.

तरी कुणाला तरी विचारावं म्हणून जुन्या प्लँटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकला. त्या ग्रुपवर आमचे जुने साहेबही आहेत. आता दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर. काम सुटल्यापासून त्यांना कितीदा फोन केले, मेसेज टाकले. एकदाही उत्तर नाही. फोटोखाली वेगळा मेसेज लिहिला, "कामासाठी नवीन फोटो काढलाय. बरा आहे का सांगा." फोटो गेला आणि तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे लाईट गेली की टॉवरही जातो. खालचं वाक्य माझ्याच मोबाईलमध्ये अडकलं.

ग्रुपवर लग्न असलं की पत्रिका येते, वाढदिवसाला केक येतो. एकट्या माणसाचा, पांढऱ्या शर्टातला, गंध लावलेला फोटो एकाच कारणाने येतो, आणि बहुतेकदा घरचे तो त्याच्याच मोबाईलवरून टाकतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. असे फोटो बघून मीच कितीदा हात जोडलेत.

लाईट आली आणि मोबाईल थरथरायला लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. ओम शांती. "परवाच तर भेटलावता, काय झालं रं एकाएकी?" माझ्या पाळीत काम करणाऱ्या लोधिवलीच्या जोडीदाराने तर कधी नेणार तेही विचारलं होतं. बायको वाचून रडायलाच लागली. मला हसू येत होतं, तोवर साहेबांचं नाव दिसलं.

सगळ्यांत आधी त्यांनीच लिहिलं होतं. "प्लँटमधला सर्वांत भरवशाचा माणूस गेला. कुटुंबाला काहीही मदत लागली तर हक्काने सांगा."

इतका संताप आला की मोबाईल भिंतीवर मारावासा वाटला. पण पोटाला संताप चालत नाही. लाज गुंडाळून ठेवली आणि थेट त्यांच्या नंबरवर लिहिलं, "साहेब, मी जिवंत आहे. फोटो कामासाठी काढला होता. तुम्ही भरवशाचा म्हणालात, तर कुठंही लावा. हेल्पर म्हणूनसुद्धा चालेल." दोन टिक आल्या, निळ्या झाल्या. वर 'टायपिंग' दिसायला लागलं. बायको खांद्यावरून बघत होती. टायपिंग थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि बंद पडलं.

बराच वेळ वाट बघून ग्रुप उघडला. माझं अडकलेलं वाक्य एव्हाना पोचलं होतं. सगळे हसत होते, शिव्या घालत होते, मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणत होते. वाढलेल्या आयुष्याचं काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं. साहेबांच्या शब्दांच्या जागी एवढंच उरलं होतं, की हा मेसेज डिलीट केला आहे.

बायकोने डोळे पुसले. मग अगदी शांतपणे, चेष्टेचा मागमूसही नसलेल्या आवाजात म्हणाली, "तुमी जिते हाव ते सांगायची घाई केलीत. मला तरी लावलं असतं त्यांनी कामाला."