मधलं बोटभर पाणी

भाऊंचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "विमलबाई, शैला गेली हो…" एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. शैला म्हणजे त्यांची धाकटी बहीण आणि माझी मैत्रीण. एकाच कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची, मी मराठी. झोपेतच तिचं हृदय थांबलं. इकडे दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि मला पहिल्यांदा आठवली ती तिची टाकी. लोकांना हे ऐकून विचित्र वाटेल. वाटू दे.

मानेवाड्याला भाऊंच्या घरात, समोरच्या खोलीत ती काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. समुद्र बघायला आम्हा नागपूरकरांना रात्रभर गाडीत बसावं लागतं आणि ही बाई घरच्या घरी गाळलेल्या पाण्यात मीठ तोलून समुद्र तयार करायची! त्यात एका बाजूला मऊ पोवळी, पंजे उघडल्यासारखी डुलणारी, आणि दुसऱ्या बाजूला समुद्रातली हिरवी वनस्पती, बारीक द्राक्षांच्या घोसांसारखी. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदारानं तर हात जोडले होते, "मॅडम, दोन्ही एका टाकीत नका ठेवू. हे हिरवं पोवळ्यावर चढते अन् त्याले मारून टाकते." शैलाला असं कोणी म्हटलं की संपलंच. मला म्हणाली, "मासोळ्यांची घाण हे हिरवं खाते, म्हणून पोवळ्याले साफ पाणी भेटते. दोघं छान राहतात वं, फक्त मधात बोटभर पाणी राखाचं." ते बोटभर पाणी राखायला दर रविवारी ती बाह्या वर करून, लांब कात्री घेऊन टाकीत वाकायची. एकदा मी मदतीला हात घातला तर ओरडली, "ओढू नको! ओढलं की त्याचा रस सुटते, सारं पाणी नासते. कापाचं, अन् तेही थोडंथोडं." सगळं एकदम काढलं तर पोवळी जगणार नाहीत, हेही तिनं मला शंभरदा ऐकवलं होतं.

घरात मात्र त्याचं नाव शेवाळ. पाहुणा आला की वहिनी पदर नाकाला लावून म्हणायच्या, "शेवाळ माजलं आमच्या बैठकीत." मे महिन्यात त्या खोलीतला कूलर टाकीकडे वळवलेला असायचा, त्यावरून तर रोजचं रामायण. "आम्ही घामानं भिजून राहिलो अन् मासोळ्यांले हवा!" आणि भाऊ, पेपरातून डोकं वर न काढता, चारचौघांत सांगायचे, "लग्न केलं असतं तर हे नाद लागले नसते." माझी तळपायाची आग मस्तकात जायची. शैला कात्री धुऊन खिळ्याला लटकवायची. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला स्वतःभोवतीही बोटभर पाणी राखावं लागतं, हे मला तिच्याकडे बघून कळलं. भाऊ वाईट नव्हते हो. लाइट गेली की आधी टाकीची मोटर इन्व्हर्टरवर घ्यायचे, मग स्वतःचा पंखा. पण ते हिरवं काय आहे, काहून ठेवलं आहे, हे त्यांनी तिला कधी एका शब्दानं विचारलं नाही.

तेरवीला गेले तर टाकी नुसती लखलखत होती. हिरवं एक पान नाही. भाऊ लगबगीनं पुढे आले, "मीच साफ केली काल. कामवालीले हात नाही लावू देला. सारं शेवाळ ओढून ओढून काढलं. पाहुणे येणार, माह्या शैलाची टाकी घाण दिसाले नको…" डोळे रडून सुजलेले, खाऱ्या पाण्यानं बोटं सुरकुतलेली. आणि मागे पोवळी मुठीसारखी मिटून बसली होती. संताप आला, इतका की त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. पण पंगत बसत होती. बाहेर जाऊन मी त्या दुकानदाराला फोन केला. तो बिचारा लगेच आला, पाणी बदललं, आणि जाताना मला दारात म्हणाला, "उशीर झाला, मॅडम."

परवा पुन्हा गेले. पोवळी विरघळून गेली आहेत, दगडांवर पांढुरका चिकटा उरलाय. शैलानं लावून ठेवलेल्या वेळेला टाकीतला दिवा आपोआप लागतो आणि भाऊ खुर्ची ओढून समोर बसतात. म्हणाले, "एवढी साफ ठेवली, तरी काहून नाही फुलून राहिली ही पोवळी? शैला असती तर तिले विचारलं असतं."

मला राहवलं नाही. "इतकी वर्षं इथंच होती ना भाऊ, याच खोलीत. तेव्हा काहून नाही विचारलं?"

वहिनी चहा ठेवून आत गेल्या. भाऊंनी टाकीच्या काचेला बोट टेकवलं. मग लहान पोरासारखं म्हणाले, "तुम्हाले माहीत असन तर सांगा ना विमलबाई… ते हिरवं काय होतं?"

मला माहीत होतं. पण तो प्रश्न तिच्यासाठी होता, आणि ती जन्मभर त्याची वाट बघत होती. मी कप खाली ठेवला आणि उठले. चपला घालताना दिसलं, टाकीच्या बाजूला खिळ्याला तिची लांब कात्री तशीच लटकते आहे, धुतलेली.