‘इतर नावे’ या रकान्याचा तपास

चौतीस वर्षांच्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. आरोपी एका गुन्ह्यातला आठवतो आणि पंचनामा दुसऱ्याच गुन्ह्यातला. हे प्रकरण मात्र निवृत्तीनंतरचं, पोलीस ठाण्याच्या हद्दीपासून हजारो मैलांवरचं, आणि तरी त्यातला प्रत्येक प्रश्न मला पाठ आहे.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत निरीक्षक म्हणून बाहेर पडलो. ओळख नाही, वशिला नाही. पदक मात्र मिळालं नाही. एका वरिष्ठाने माझ्या गोपनीय अहवालात ओळ लिहून ठेवली होती : ‘अधिकारी तापट असून समोरच्याचे ऐकून घेत नाही.’ मला न विचारता लिहिलेली ती एक ओळ. तिच्याविरुद्ध मी चार अर्ज केले. आजही विषय निघाला की मी तापतो.

आमची एकुलती एक मुलगी अमेरिकेत हर्नडनला असते. नातीच्या जन्मापासून आठ वर्षांत आम्ही नवरा-बायकोने सात फेऱ्या केल्या. पाच-साडेपाच महिने राहायचं आणि मुदत संपायच्या आत परतायचं. सातव्या खेपेला विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला आणि म्हणाला, ‘तुम्ही इथे पाहुणे म्हणून येत नाही, राहता. या वेळी सोडतो.’ मला राग आला. पण नजर तयारीची होती, हे मनात कबूल केलं. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मुलगी तोवर इथली नागरिक झाली होती. तिने आमच्या दोघांच्या ग्रीन कार्डचे अर्ज भरले. वकील करू, असं ती म्हणत होती. मी नको म्हटलं. आयुष्यभर जबाब लिहिलेल्या माणसाला फॉर्म भरायला वकील कशाला? बायकोने येताना माहेरच्या नगरपालिकेतून जन्मदाखला आणला होता, तो जोडला. काही महिन्यांनी दोघांनी समक्ष मुलाखतीला यावं, असं पत्र आलं.

अर्ज फेटाळला गेला असता, तर पाहुणे म्हणून येण्याचं दारही बहुधा बंद झालं असतं. बायकोला त्याचीच धास्ती. नात शाळेतून आली की आधी आजीला हाक मारते, मग दप्तर टाकते.

मुलाखतीला आठ दिवस असताना खबर मिळाली. सकाळी फिरायला माझ्याबरोबर नागपूरकडचे एक निवृत्त डॉक्टर असतात. चाळीस वर्षं इथे काढलेला माणूस.

‘साहेब, वहिनींचं माहेरचं नाव लिहिलंत ना फॉर्मात?’

‘लिहिलंय. पोरीने जन्मदाखल्यावरून लिहिलं.’

‘आणि व्हिसाच्या जुन्या फॉर्मात?’

‘त्याचा इथे काय संबंध?’

‘त्यांच्यासमोर सगळे कागद असतात हो. माझ्या मेव्हणीचं तिथेच अडलं. आधी नाही म्हणालात, आता हो म्हणता, मग लपवलंत का? पाच महिने लोंबकळत ठेवलं.’

आमच्या लग्नात रिवाजाप्रमाणे मी ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहिलं होतं. आडनावच नव्हे, पहिलं नावही बदललं. म्हणजे जन्मदाखल्यावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरी. खात्यात दोन नावांच्या माणसाला आम्ही ‘उर्फ’ लावायचो. उर्फ दिसला की जुना रेकॉर्ड काढायचा, हा शिरस्ता. घरी येऊन तोच पाळला. मुलीने व्हिसाच्या जुन्या अर्जाची प्रत ई-मेलमधून शोधून काढली. ‘आजवर इतर कोणते नाव वापरले आहे का?’ उत्तर : नाही.

‘बाबा, हे कोणी फिल केलं होतं?’

‘पुण्याच्या एजंटने.’

‘मग मिस्टेक त्याची. आपण एक्स्प्लेन करू.’

‘एक्स्प्लेन काय करायचंय? त्याच्याकडून लिहून घेतो.’

पुण्यात संध्याकाळ होती. फोन स्पीकरवर टाकला आणि आवाज चढवला. ठाण्यात हा आवाज कामाला यायचा. एजंटने मला पूर्ण बोलू दिलं.

‘साहेब, तुम्ही माझ्या चांगले लक्षात आहात. घासाघीस करून फी अर्ध्यावर आणलीत आणि वर चहा मागवलात. मी विचारलं होतं, मॅडमचं आधीचं नाव काही? तुम्ही म्हणालात, एकच नाव आहे, “नाही” लिहा. मॅडम काहीतरी सांगत होत्या. तुम्ही त्यांना म्हणालात, थांब जरा.’

बायको ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. तपासात कधी कधी असं होतं. मुख्य साक्षीदार पहिल्या दिवसापासून समोर बसलेला असतो आणि त्याचा जबाब घ्यायचाच राहून गेलेला असतो.

‘काय सांगत होतीस तेव्हा?’ मी विचारलं.

‘हेच.’

‘मग नंतर का नाही बोललीस?’

‘कधी? विमानात?’

तरी मी सौदा करून पाहिला. ‘हे बघ, तू एवढंच म्हण की एजंटची चूक झाली. पुढचं मी बघतो.’

‘शपथ घ्यायला लावतात ना तिथे?’

‘लावतात.’

‘मग ठाण्यात साक्षीदारांना पढवायचात, तसं मला पढवू नका. मी तुमचं नाव सांगणार नाही. पण त्या एजंटचंही सांगणार नाही.’

‘आई, प्लीज,’ मुलगी म्हणाली, ‘बाबांचं अ‍ॅप्लिकेशनही त्यातच आहे. दोघांचं रिजेक्ट झालं तर?’

बायकोने जुडी धुवायला घेतली. विषय तिच्यापुरता संपला होता.

मुलाखत घेणारी अधिकारी आमच्या मुलीच्या वयाची होती. दोघांना एकत्रच बसवलं. उजवा हात वर करून शपथ झाली. टेबल ओळखीचं होतं, पण या वेळी खुर्ची पलीकडची मिळाली होती. तिने सोप्यापासून सुरुवात केली. पत्ता, मुलीची नोकरी, मग फेऱ्यांच्या तारखा. ज्यांची उत्तरं तिला आधीच माहीत होती, असे प्रश्न. मीही तसंच करायचो. माणूस खरं बोलताना कसा दिसतो, हे आधी पाहून ठेवायचं.

‘इतक्या वेळा का येत होता?’

बायको आपल्या इंग्रजीत म्हणाली, ‘मुलीचं बाळंतपण. नातीचे दात. नातीची शाळा.’

अधिकारी जराशी हसली, आणि तिने दोन कागद शेजारी ठेवले. ‘इथे तुमचं नाव वेगळं आहे.’

‘बावीस वर्षं माझं ते नाव होतं. लग्नात नवऱ्याने दुसरं ठेवलं. आमच्याकडे ठेवतात.’

‘तुम्ही निवडलंत?’

‘नाही. पाहुण्यांना कळलं, तेव्हाच मलाही कळलं.’

‘मग व्हिसाच्या अर्जात “नाही” का लिहिलंत?’

‘मी नाही लिहिलं.’

‘कोणी लिहिलं?’

बायको टेबलाकडे बघत राहिली. अधिकारी थांबली. ही युक्ती मी चौतीस वर्षं वापरली होती. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. शांतता ज्याला सोसत नाही, तो बोलतो. एजंटचं नाव माझ्या जिभेवर तयार होतं. तो हजारो मैलांवर होता, त्याचं काही बिघडणार नव्हतं. खरं सांगितलं तर माझं बिघडणार होतं.

‘मी लिहायला सांगितलं,’ मी म्हणालो. ‘ती सांगत होती. मी ऐकून घेतलं नाही.’

बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे वाक्य मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. लाल पेनाने त्या रकान्यापुढे काही लिहिलं, ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘बरोबर आहे?’ प्रश्न बायकोला होता. बायकोने कागद ओढून घेतला, स्वतः वाचला आणि मग सही केली. दीड महिन्याने दोघांची कार्डं टपालाने आली. नातीने आजीचं कार्ड फ्रिजवर चुंबकाने लावलं. मी ते काढून कपाटात ठेवलं.

एवढ्या तपासांतून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. खोटं बोलणाऱ्यांपेक्षा, ज्यांना कोणी विचारलंच नाही, अशा माणसांमुळे जास्त प्रकरणं अडतात. त्यांनी काही लपवलेलं नसतं. त्यांच्यासाठी दुसराच कोणी बोललेला असतो, बहुतेक वेळा घाईत आणि पूर्ण खात्रीने. गोपनीय अहवालातली ती ओळ मला न विचारता लिहिली गेली, ही माझी तक्रार आजही कायम आहे. मजकुराबद्दल मात्र मी पाचवा अर्ज करणार नाही.

जबाब लिहिला की तो देणाऱ्याला वाचून दाखवावा लागतो. म्हणून हा मजकूर बायकोला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला.

‘बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘एक सोडून. तुम्ही मला “थांब जरा” म्हणाला नव्हतात. “तुला काय कळतं” म्हणाला होतात. एजंटने फोनवर सांभाळून घेतलं तुम्हाला.’

दुरुस्ती मान्य.

या आठवणींत मी कोणाचंच नाव घालत नाही. या वेळी तिला विचारलं, ‘तुझं घालू का?’

‘कोणतं?’

‘तू सांगशील ते.’

‘विचार करून सांगते,’ म्हणाली, आणि चपला घालून बसस्टॉपवर नातीला आणायला गेली. त्याला आता तीन आठवडे झाले. जागा मोकळी ठेवली आहे.